चाकांवरचे घर आणि डोंगरातले अरण्य

श्रोतेहो, आजचा विषय प्रथमदर्शनी तुम्हांला जरा परका वाटेल. अमेरिकेतील पुष्कळ लोक आपले लहानसे घर मोटारीला जोडतात, ते उंच डोंगरांतल्या अरण्यात नेतात आणि जेथे नळ नाही, विजेचा खांब नाही, गटार नाही अशा जागी चार-आठ दिवस राहून परत येतात. तुम्ही म्हणाल, ‘यात नवल ते काय? नळ नाही, वीज नाही अशा वस्तीवर आमच्या आज्यापणज्यांचे जन्म गेले!’ तुमचे म्हणणे अगदी खरे आहे. परंतु तोटी फिरवली की पाणी आणि बटण दाबले की उजेड, अशी ज्याला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, तो माणूस आपण होऊन या सोयींची दोरी कापतो तेव्हा त्याला कशाकशाचा हिशेब करावा लागतो, हे पाहण्यासारखे आहे. आणि आज आपल्याही वाड्यावस्त्यांवर नळ येत आहेत. तेव्हा तो हिशेब आपल्याही कामाचा आहे.

प्रथम ही गाडी कशी असते ते सांगतो. तिला तिकडे ‘आर. व्ही.’ म्हणतात. रिक्रिएशनल व्हेइकल, म्हणजे हौसेची गाडी. आपण तिला घरगाडी म्हणू. काही घरगाड्यांना स्वतःचे इंजिन असते. काही नुसत्या चाकांवरच्या खोल्या असतात आणि त्या मोटारीमागे ओढून न्यायच्या असतात. आत ओटा, शेगडी, फ्रिज, निजायला फळ्या, एवढीशी मोरी आणि शौचकूप. पुढच्या बाजूला गॅसच्या टाक्या आणि बॅटऱ्या. पोटाखाली पाण्याच्या तीन टाक्या: एक चांगल्या पाण्याची, दुसरी मोरीच्या सांडपाण्याची आणि तिसरी मैलापाण्याची. दुसरीला ते करडी टाकी म्हणतात आणि तिसरीला काळी टाकी. नावांतच सगळे आले!

गावांजवळ अशा गाड्यांसाठी खास तळ असतात. तेथे प्रत्येक गाडीपाशी नळ, विजेचे खोके आणि गटाराचे तोंड तयार असते. गाडी उभी केली, या तीन जोडण्या लावल्या की घर सुरू. या जोडण्यांना ‘हुकअप’ म्हणतात. या तिन्ही जोडण्यांवाचून रानात राहायचे, याला त्यांच्या बोलीत ‘बूनडॉकिंग’ असा शब्द आहे. या शब्दाची कुळकथा मौजेची आहे. फिलिपीन बेटांतल्या टागालोग भाषेत डोंगराला ‘बुंडोक’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे लढायला गेलेल्या अमेरिकन शिपायांनी तो शब्द आपल्याबरोबर मायदेशी नेला. पुढे त्याचा अर्थ झाला आडरान, आणि आता आडरानातला मुक्काम.

ही हौस काही आजकालची नव्हे. १९१० साली पियर्स-ॲरो या मोटार कंपनीने निजायची, हातपाय धुण्याची सोय असलेली मोटार न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मांडली होती. १९१९ साली फ्लॉरिडा राज्यातल्या टॅम्पा शहरी अशा भटक्यांनी एक मंडळच काढले. डबाबंद अन्नावर दिवस काढणारे हे लोक, म्हणून मंडळाचे नाव ‘टिन कॅन टूरिस्ट्स’, म्हणजे पत्र्याच्या डब्यांचे प्रवासी!

आता प्रश्न असा, की हे लोक राहतात ती जमीन कोणाची? उत्तर आहे, सरकारची. म्हणजे तेथल्या सर्व नागरिकांची. १९०५ साली अमेरिकेत वनसेवेची स्थापना झाली. गिफर्ड पिंचो हे तिचे पहिले प्रमुख. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की हे वनखाते तेथे शेतीखात्याच्या हाताखाली ठेवले गेले. अरण्य हे नुसते पाहण्याचे ठिकाण नव्हे, तर लाकूड, गवत आणि पाणी देणारे पीक आहे, आणि ते नीट राखले तर पिढ्यान्‌पिढ्या पुरेल, अशी त्यामागची दृष्टी होती. आज १५४ राष्ट्रीय वने आणि काही गवताळ राने मिळून सुमारे १९ कोटी ३० लाख एकर जमीन या खात्याकडे आहे. आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ अडीचपट! तीत परवान्याने गुरे चरतात, लाकूडतोडही होते, आणि बऱ्याच भागांत कोणालाही भाडे न देता मुक्काम करता येतो.

भाडे नाही, म्हणजे नियम नाहीत असे मात्र नाही. एका जागी बहुधा चौदा दिवस राहता येते, काही वनांत सोळा. मग पुढे सरकलेच पाहिजे. कोणत्या वाटेवर चाके न्यायची आणि कोणत्या नाही, याचा नकाशा खाते फुकट देते. शक्यतो जेथे आधी कोणी उतरले आहे, जेथली जमीन आधीच चेपलेली आहे, तेथेच उतरावे. नवे गवत तुडवू नये. ओढ्याकाठापासून, तळ्यापासून सुमारे दोनशे फूट दूर राहावे. आणि येताना जे आणले ते सगळे जाताना परत न्यावे.

मी भूगोल शिकवतो. त्यामुळे पुस्तकातले अरण्य प्रत्यक्ष पाहावे अशी इच्छा होती. माझी मामेबहीण त्या देशात स्थायिक आहे. ती, तिचे यजमान, त्यांचा बारा वर्षांचा मुलगा आणि मी, असे चौघे जण सप्टेंबरच्या अखेरीस यूटा राज्यातल्या फिशलेक राष्ट्रीय वनात चार दिवस राहिलो. रिचफिल्ड या गावी आम्ही टाकी भरून घेतली. ते गाव सुमारे सव्वापाच हजार फुटांवर आहे. तेथून रस्ता चढत चढत जवळजवळ नऊ हजार फुटांवरच्या फिश लेक या तळ्याकडे जातो. पूर्वी पायूट लोक या तळ्यावर मासे धरायला येत. तळ्यापासून काही अंतरावर, मातीच्या वाटेने आत जाऊन आम्ही उतरलो.

या तळ्याजवळच एक झाड आहे. ‘एक झाड’ म्हणतो आहे, आणि ते मुद्दाम म्हणतो आहे. रस्त्यावरून पाहिले तर दिसते पांढऱ्या सालीच्या बुंध्यांचे मोठे वन. ही ॲस्पेन जातीची झाडे. पानांचे देठ चपटे, त्यामुळे वाऱ्याची झुळूक आली की आपल्या पिंपळासारखी पाने थरथरतात. सप्टेंबरच्या अखेरीस ती हळदीसारखी पिवळी होतात. असे सुमारे ४७,००० बुंधे १०६ एकरांवर उभे आहेत. आणि ते सगळे जमिनीखाली एकाच मुळीच्या जाळ्यातून वर आलेले आहेत! केळीला जसे मुनवे फुटतात, तसे मुळांवर फुटवे येत गेले आणि एका झाडाचे अरण्य झाले. १९७६ साली केंपरमन आणि बार्न्स या दोन अभ्यासकांनी हे प्रथम मांडले. १९९२ साली त्याला ‘पांडो’ असे लॅटिन नाव मिळाले. त्याचा अर्थ ‘मी पसरतो’. वजन सुमारे सहा हजार टन.

हे झाड आज संकटात आहे, आणि तेही कुऱ्हाडीमुळे नव्हे. म्हातारे बुंधे वठून पडतात, हे ठीकच. पण त्यांच्या जागी येणारे कोवळे फुटवे हरणे आणि गुरे खाऊन टाकतात. हरणांना आवर घालणारे लांडगे त्या भागातून माणसाने केव्हाच नाहीसे केले आहेत. आता काही भागाला उंच कुंपण घातले आहे आणि आत फुटवे वाढताना दिसतात. याच झाडाच्या मधून डांबरी रस्ता जातो, त्याच्याच अंगावर मुक्कामाचा तळही आहे. म्हणजे घरगाडीतून उतरून जो माणूस ‘जमिनीवर’ पाय ठेवतो, तो खरे तर एका जिवंत झाडाच्या मुळांवर पाय ठेवतो. अरण्यात चाक कोठे न्यावे याला नियम का हवेत, हे येथे न सांगता कळते.

आता आपण मूळ हिशेबाकडे वळू. पहिला हिशेब पाण्याचा.

आमच्या गाडीच्या टाकीत १६० लिटर पाणी मावत होते. पिण्यासाठी आणखी ४० लिटर कॅनांत घेतले होते. एकूण २००. माणसे चार, दिवस चार. शाळेतल्या मुलालाही हे गणित येईल: दर माणशी दर दिवशी साडेबारा लिटर. यात पिणे, स्वयंपाक, भांडी, तोंड धुणे, अंग पुसणे, शौचकूप, सगळे आले. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. अमेरिकेतला माणूस आपल्या घरी दिवसाला सरासरी ८२ गॅलन, म्हणजे सुमारे ३१० लिटर पाणी वापरतो. आणि तिसरा आकडा आपल्याकडचा: २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातल्या घरासाठी दर माणशी दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे.

तीनशे दहा आणि साडेबारा! माणूस तोच, देह तोच, भूक-तहान तीच. मग फरक कशाचा? फरक एवढाच, की घरी पाण्याचा शेवट दिसत नाही आणि येथे तो दिसतो. गाडीत तोटी उघडली की आतला लहानसा पंप घर्र घर्र वाजू लागतो. पाणी वापरले की आवाज होतो! भिंतीवर टाकीची पातळी दाखवणारे चार दिवे असतात: भरलेली, दोन तृतीयांश, एक तृतीयांश, रिकामी. पहिल्या संध्याकाळी माझा भाचा सवयीने तोटी मोकळी सोडून दात घासत होता. त्याची आई आतून म्हणाली, “अरे, पंप ऐक. तो आपलं परवाचं पाणी पितोय.” ती लहानपणी आडाचे पाणी शेंदून मोठी झालेली, तिला शिकवावे लागले नाही. मुलाला लागले. पण गंमत पाहा, दुसऱ्या दिवसापासून त्या दिव्यांचा कारभार त्याने आपणहून हाती घेतला. ताटे आधी कागदाने पुसायची, मग ओंजळभर पाण्यात विसळायची, हा नियम त्याचा. तिसऱ्या दिवशी मी चहाच्या भांड्यात दुसऱ्यांदा पाणी ओतू लागलो तेव्हा तो मला म्हणाला, “मामा, एकाच कपाचं घ्या.”

रानात ओढे आहेत, मग चिंता कसली, असे वाटेल. ओढ्याचे पाणी निर्मळ दिसते, पण त्यात जिआर्डिया नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो आणि त्याने पोट बिघडते. म्हणून ते उकळून प्यावे लागते. सखल प्रदेशात एक मिनिट खळखळ उकळले की पुरे. साडेसहा हजार फुटांच्या वर मात्र तीन मिनिटे उकळावे, असे तेथले आरोग्यखाते सांगते. असे का, ते पुढे सांगतो.

दुसरा हिशेब विजेचा. गाडीत बारा व्होल्टच्या, शंभर अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या होत्या. गुणाकार केला तर २,४०० वॅट-तास. परंतु शिशाच्या बॅटरीतली निम्म्याहून अधिक वीज काढली की तिचे आयुष्य घटते. म्हणून हाती राहिले १,२००, म्हणजे आपल्या वीजबिलावरची सव्वा युनिटसुद्धा नाहीत! केस वाळवण्याचे यंत्र किंवा मायक्रोवेव्ह लावला तर पाऊण तासात खेळ खलास. रात्री गारठा पडला की गॅसवरची शेगडी गाडी ऊबदार ठेवते. पण ऊब आत ढकलणारा पंखा विजेवर चालतो. तो रात्रभरात पाच तास फिरला तरी हाती असलेल्या विजेचा तिसरा हिस्सा घेतो. म्हणून अंगावर आणखी एक रग ओढायची की पंखा चालू द्यायचा, याचा विचार करावा लागतो.

वीज भरून काढायला टपावर सूर्यपत्रे होते, दोनशे वॅटचे. स्वच्छ उन्हात पाच तास मिळाले तर दिवसाला एक युनिटच्या आसपास वीज येते. पण येथे अरण्याचा एक पेच आहे. गाडी झाडाखाली लावावी तर सावली मिळते, वीज जाते. उघड्यावर लावावी तर वीज मिळते, सावली जाते. पत्र्याच्या एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी वीज पुष्कळ घटते. आम्ही गवताळ मोकळ्या पट्टीच्या कडेला, पत्र्यांवर ऊन पडेल अशी गाडी लावली. झाडाखाली न लावण्याचे आणखीही कारण होते. रानात वठलेली झाडे उभी असतात आणि वाऱ्याने ती सावकाश नव्हे, एकदम येतात. म्हणून गाडी उभी करण्यापूर्वी आधी वर पाहायचे आणि मग खाली.

आता तुम्ही विचाराल, जनित्र का नाही? लोक ते नेतात. परंतु त्याची घरघर मैलभर ऐकू जाते. दुसऱ्याच्या शांततेवर आपली वीज तयार करणे हे तेथल्या जाणत्या लोकांना पसंत नसते. रात्री तर ते बहुतेक तळांवर वर्ज्यच असते.

तिसरी गोष्ट उंचीची. आणि शिक्षकमित्रांनो, ही विशेषतः तुमच्यासाठी. जसजसे वर जावे तसतसा हवेचा दाब घटतो आणि पाणी कमी उष्णतेवर उकळते. ढोबळ हिशेब असा, की दर तीनशे मीटरला एक अंश सेल्सियस. आम्ही सुमारे २,७०० मीटरांवर होतो. तेव्हा पाणी शंभरऐवजी ९१ अंशांवरच उकळे. पाणी खळखळते आहे, वाफ येते आहे, आणि डाळ मात्र शिजत नाही! नवख्या माणसाला वाटते गॅस मंद आहे. गॅस कितीही मोठा करा, उघड्या भांड्यातले पाणी ९१ च्या वर चढायचे नाही. आता ओढ्याचे पाणी तीन मिनिटे का उकळायचे ते ध्यानात आले असेल. यावर उपाय आपल्या बायकांना ठाऊक आहे: प्रेशर कुकर. त्यात दाब कोंडला जातो आणि पाणी ११५ अंशांच्या आसपास जाते. माझ्या बहिणीने तो आठवणीने बरोबर घेतला होता. नऊ हजार फुटांवर, पिवळ्या पानांच्या त्या रानात कुकरची शिटी झाली तेव्हा दोन खारी झाडावरून ओरडू लागल्या.

उंचीचा परिणाम यंत्रांवरही होतो. विरळ हवेत साध्या इंजिनाची शक्ती दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के घटते. म्हणजे नऊ हजार फुटांवर पाव शक्ती गेलीच. आणि गाडीत पाणी तर भरलेले! एक लिटर म्हणजे एक किलो, हे चढावर चांगले समजते. गॅसही तेथे प्रोपेन लागतो. आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरात प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण असते. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायू होण्याचे जवळजवळ थांबवतो, प्रोपेन उणे बेचाळीसपर्यंत दगा देत नाही.

माणसाच्या देहालाही उंची जाणवते. अडीच हजार मीटरांच्या वर पहिल्या दिवशी डोके दुखते, झोप नीट लागत नाही. घाई करू नये, पाणी पीत राहावे, आणि त्रास वाढला तर हट्ट न करता खाली उतरावे. थंडीमुळे दारेखिडक्या घट्ट लावून आत शेगडी पेटवणे हे तर मरणालाच बोलावणे. कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, रंग नसतो. आपल्याकडेही थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजणारी माणसे दगावतात, ते याच वायूने.

आणखी एक नवल. अमेरिकेच्या त्या नैर्ऋत्य भागातही जुलैपासून सप्टेंबरपर्यंत दुपारच्या वेळी वळवासारखा गडगडाटी पाऊस येतो आणि त्याला ते आपलाच शब्द लावतात: ‘मान्सून’. सकाळी आभाळ निरभ्र आणि तिसऱ्या प्रहरी विजा. मोकळ्या माथ्यावर किंवा एकट्या झाडाखाली उभे राहू नये. धातूच्या टपाच्या मोटारीत बसावे. मातीची वाट भिजली की जड गाडी रुतते. म्हणून आत शिरताना, बाहेर कसे पडणार, हे आधी ठरवून ठेवावे लागते.

चौथा हिशेब सर्वांत महत्त्वाचा, आणि सहसा कोणी न बोलण्याचा. तो म्हणजे आपण मागे काय ठेवतो.

चांगल्या पाण्याची टाकी जसजशी रिकामी होते तसतशा करडी आणि काळी या दोन टाक्या भरत जातात. त्या रानात सोडणे हा गुन्हा आहे. त्या भरल्या की मुक्काम संपला, मग पाणी उरो की न उरो. परतताना गाडी ठराविक जागी न्यायची, जाड नळी जोडायची, आधी काळी टाकी मोकळी करायची आणि मग करडी, म्हणजे दुसरीच्या पाण्याने नळी धुऊन निघते. माझ्या बहिणीचे यजमान हातमोजे घालून हे काम करीत होते. ते मोठ्या कंपनीत अधिकारी आहेत. पण येथे दुसऱ्या कोणी करायचे हा प्रश्नच नाही. ज्याचे त्याने करायचे. मुलगा शेजारी उभा राहून पाहत होता. त्याने मला विचारले, “मामा, घरी हे सगळं कुठं जातं?”

श्रोतेहो, हा प्रश्न बारा वर्षांत त्याला कधी पडला नव्हता. पडावा कसा? घरी एक कळ दाबली की सगळे नजरेआड होते. मी त्याला सांगितले, की तुझ्या शहरात ते नळाने मोठ्या केंद्रात जाते, तेथे पाणी शुद्ध करतात आणि मग नदीत सोडतात. पुढचे मी त्याला सांगितले नाही, तुम्हांला सांगतो. आपल्या पुष्कळ गावांत ते तसेच ओढ्याला जाते, आणि त्याच ओढ्यावर खालच्या अंगाला दुसऱ्या गावची विहीर असते. आपली काळी टाकी आपण शेजारच्या गावच्या दारात मोकळी करतो. फक्त ती आपल्याला दिसत नाही.

मागे ठेवण्याच्या गोष्टींत विस्तवही आला. अमेरिकेत रानाला लागणाऱ्या आगींपैकी सुमारे पंच्याऐंशी टक्के आगी माणसामुळे लागतात. २०१७ च्या जून महिन्यात याच यूटा राज्यात, ब्रायन हेड या डोंगरगावाजवळ, एका माणसाने तण जाळण्यासाठी ज्योत पेटवली. ती हाताबाहेर गेली आणि सुमारे एकाहत्तर हजार एकर रान जळाले, घरेही गेली. आपल्याकडे बांध जाळणाऱ्या, डोंगराला वणवा लावणाऱ्या माणसाने हा आकडा मनात ठेवावा. म्हणून कोरड्या दिवसांत वनखाते चूल पेटवायलाच बंदी करते. बंदी नसेल तेव्हाही विस्तव विझवण्याची रीत ठरलेली आहे. पाणी ओतायचे, राख ढवळायची, पुन्हा पाणी ओतायचे, आणि शेवटी हाताची पालथी बाजू जवळ नेऊन पाहायचे. ऊब लागली तर विस्तव जिवंत आहे. १९४४ सालापासून टोपी घातलेल्या एका अस्वलाचे चित्र हाच धडा त्या देशातल्या मुलांना देत आहे. त्याचे नाव स्मोकी.

खरी अस्वलेही त्या रानात आहेत, काळी. ती सहसा माणसाच्या वाटेला जात नाहीत. पण खरकटे, फळे, साबणसुद्धा उघड्यावर राहिला तर वासाने येतात. एकदा चटक लागली की पुन्हा येतात, धीट होतात, आणि शेवटी त्यांना मारावे लागते. म्हणजे आपण उष्टे टाकले त्याची शिक्षा अस्वलाला!

येथे एक गोष्ट सांगितली नाही तर चित्र अपुरे राहील. या रानांत सगळेच हौसेने येत नाहीत. २००८ सालच्या आर्थिक पडझडीत अनेकांची घरे गेली. त्यांतले काही उतारवयाचे लोक गाडीतच राहू लागले आणि कामाच्या शोधात हिंडू लागले. जेसिका ब्रुडर यांनी २०१७ सालच्या ‘नोमॅडलँड’ या पुस्तकात अशा लोकांची हकीकत लिहिली आहे. हौशी माणसाला चौदा दिवसांचा नियम म्हणजे सुट्टीची मर्यादा. त्यांना तो पंधराव्या दिवशी पुन्हा बिऱ्हाड हलवण्याचा हुकूम. एकाच झाडाखाली दोन गाड्या उभ्या असतात. एकीतला माणूस चार दिवस गरजा कमी करून पाहायला आलेला असतो आणि दुसरीतल्या माणसाच्या गरजा परिस्थितीनेच कमी केलेल्या असतात. तेव्हा उणेपणात मोठी मौज आहे, असे मी म्हणणार नाही. डोक्यावर दोन हंडे घेऊन कोस कोस चालणाऱ्या आपल्या बायाबापड्यांना तसे कोणी सांगू लागला, तर त्या त्याला उंबऱ्यात उभे करणार नाहीत, आणि योग्यच करतील. नळ हवा, वीज हवी, संडास हवा. याबद्दल वाद नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे, की नळ आला म्हणून मोजणे सोडू नये. पाणी, वीज आणि सांडपाणी या तिन्हींना शेवट असतो. घरात तो भिंतीआड असतो, रानातल्या त्या गाडीत तो डोळ्यांसमोर असतो. घरी शेकडो लिटरांवर वाढलेला तो मुलगा दोन दिवसांत साडेबारा लिटरांचा कारभारी झाला, तो कोणाच्या उपदेशाने नव्हे, तर चार दिवे पाहून आणि पंपाची घरघर ऐकून. आपल्या गावच्या टाकीलाही असे दिवे लावता येतील, नाही का? चावडीवर एक फळा लावा. आज टाकीत किती पाणी आले, किती माणसांचे, किती उरले, एवढे तीन आकडे रोज त्यावर लिहा. पाहा, पंधरा दिवसांत गाव काय बोलू लागते.

शिक्षकमित्रांना एक विनंती. येत्या सोमवारी वर्गाला एक काम द्या. प्रत्येक मुलाने आपल्या घरची बादली किती लिटरांची ते आधी मापून घ्यावे. मग एका दिवसात घरात किती बादल्या पाणी आले, ते कशाकशाला लागले, हे लिहावे आणि घरातल्या माणसांनी भागावे. दर माणशी आकडा निघेल. कोणाचा पंचवीस निघेल, कोणाचा दीडशे. त्यावर वर्गात पुष्कळ बोलता येईल. आणि मग वहीच्या दुसऱ्या पानावर त्याच मुलाने आणखी एका प्रश्नाचे उत्तर शोधून आणावे: वापरलेले पाणी आमच्या मोरीतून निघून पुढे कोठे जाते? त्यासाठी त्याला घराबाहेर पडून पाण्याच्या मागोमाग चालत जावे लागेल. त्याला जाऊ द्या.